मोडीतला मदरबोर्ड

भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो. या व्यवसायातला 'मोड' हा शब्द मराठीने इतका आपलासा केला आहे की त्याचे मूळ आता सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जुने, फुटके, चेपलेले भांडे मोड म्हणून तोलून द्यायचे आणि वरचे पैसे भरून नवे घ्यायचे, ही रीत. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार आपण माणसांना आणि मूल्यांनाही लावतो, तो याच व्यवहारातून आलेला. मोडीत गेलेल्या भांड्याचे वजन उरते, घाट उरत नाही. लग्नात आहेर देणाऱ्याचे नाव त्यावर घातलेले असेल तर तेही भट्टीत जाते.

गेल्या वीस वर्षांत खेड्यापाड्यांतून जे संगणक मोडीत गेले त्यांचेही असेच झाले. पवनी तालुक्यातील आमच्या कोंढ्यासारख्या गावात संगणक उशिरा आला आणि लवकर भंगारात गेला. भंगारवाल्याच्या दृष्टीने त्याची किंमत सरळ होती: लोखंडी पेटीचे लोखंड, तारांचे तांबे आणि हिरव्या पाटीवरचे थोडेसे सोने. १९८० आणि १९९० च्या दशकांतील सिरॅमिक प्रोसेसरांच्या टाचण्यांवर सोन्याचा मुलामा असे. तेवढ्यासाठी ते किलोच्या भावाने विकले गेले आणि आम्लात विरघळवले गेले. मदरबोर्ड हा ऐतिहासिक पुरावा असू शकतो हा विचार या व्यवहारात कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. वाङ्मयाच्या अभ्यासकांच्याही मनात तो आला नाही.

मात्र जगात एक वर्ग असा आहे की जो हेच बोर्ड भंगारातून उचलून आणतो, धुतो, तपासतो, पुन्हा चालू करतो. हा वर्ग इतिहासकारांचा वा ग्रंथपालांचा नाही, खेळणाऱ्यांचा आहे. लहानपणी खेळलेले संगणकीय खेळ त्याच यंत्रावर, त्याच आवाजात, त्याच गतीने पुन्हा खेळता यावेत एवढाच त्यांचा हेतू. या छंदाला 'रेट्रो गेमिंग' असे नाव आहे. त्यातून गेल्या दोन-अडीच दशकांत दुरुस्तीची जी विद्या उभी राहिली, तिचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे. मराठीच्या अभ्यासकाने त्यात का डोकावावे, हे पुढे ओघाने येईल.

ज्याला आज 'पीसी' म्हणतात ते यंत्र आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आणले. त्यातला ८०८८ हा प्रोसेसर सेकंदाला सत्तेचाळीस लाख सत्तर हजार ठोक्यांच्या, म्हणजे ४.७७ मेगाहर्ट्झच्या गतीने चाले. यंत्र सुरू होताच स्वतःची तपासणी करणारी जी मूळ आज्ञावली, म्हणजे बायोस, तिची संपूर्ण संहिता आयबीएमने तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकली होती. संहिता छापलेली, पण हक्क राखीव. त्यामुळे नक्कल करू पाहणाऱ्यांपुढे एक अजब पेच उभा राहिला. जो ती वाचेल, त्याच्या लेखनावर चोरीचा आरोप येणार. कॉम्पॅक कंपनीने १९८२ साली यातून वाट काढली ती अशी: एका गटाने मूळ वाचून 'हे काय करते' एवढेच लिहून काढायचे आणि मूळ कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवी संहिता रचायची. मूळ न वाचता केलेले, तरीही मुळाबरहुकूम चालणारे भाषांतर! भाषांतरमीमांसेच्या अभ्यासक्रमात हे उदाहरण यायला हरकत नाही. पुढे फिनिक्स या कंपनीने हीच रीत वापरून बायोस इतरांना विकायला सुरुवात केली. १९८५ साली स्थापन झालेल्या अमेरिकन मेगाट्रेंड्सचा बायोसही घरोघर पोचला, आणि त्या कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एस. शंकर हे भारतीय वंशाचे. तैवानमध्ये बनलेल्या हजारो प्रकारच्या बोर्डांवर मग हेच दोन-तीन बायोस नांदू लागले.

भारतात खेळासाठी घरी घेतले गेलेले सुरुवातीचे काही संगणक मात्र या कुळातले नव्हते. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ साली ब्रिटिश 'झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस'ची परवान्याने केलेली भारतीय आवृत्ती आणली. ती दूरचित्रवाणी संचाला जोडायची आणि खेळ कॅसेटवरून चढवायचा. त्याआधी १९८४ पासून केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक गेले होते. पण या दोन्ही गोष्टी शहरी, त्यातही सुस्थित घरांपुरत्या. १९९१ नंतर आयात सुलभ झाली आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये सुटे भाग मिळू लागले, तेव्हा 'असेंबल्ड' नावाचा पीसी जन्माला आला. हा पीसी कोणत्याच कंपनीचा नव्हता. बोर्ड तैवानचा, पेटी दिल्लीची, जोडणारा नागपूरच्या सीताबर्डीवरचा. त्याच्याबरोबर खेळ फुकट येत. 'डेव्ह', 'प्रिन्स ऑफ पर्शिया', 'वुल्फेन्स्टाइन', 'डूम' हे खेळ फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत गेले. एका फ्लॉपीत शेवटची पातळी नाही, दुसरीत आवाजाची फाइल गहाळ, तिसरीत कोणा अज्ञात उपकारकर्त्याने सुरुवातीलाच स्वतःचे टोपणनाव घातलेले. पोथ्यांच्या प्रती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल.

ग्रामीण महाराष्ट्रात संगणक खऱ्या अर्थाने पोचला तो आणखी दहा वर्षांनी. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली, एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव गेला आणि बाजाराच्या गावांत एखाद्या गाळ्यात आठ-दहा संगणक मांडलेले वर्ग दिसू लागले. शासकीय नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागले, म्हणून प्रौढ माणसे माउस हातात धरायला शिकली. आणि गुरुजींची पाठ वळताच तिथली पोरे 'डेव्ह' खेळू लागली. सांगण्याचा मुद्दा असा की आपल्याकडच्या ग्रामीण संगणकयुगाची सुरुवात ज्या बोर्डांवर झाली, ते बोर्ड मदरबोर्डांच्या इतिहासातल्या सर्वांत दुर्दैवी पिढीतले होते.

त्या दुर्दैवाची कथा सांगण्यासारखी आहे. मदरबोर्डावर प्रोसेसरच्या शेजारी नळकांड्यांसारखे उभे असतात ते कपॅसिटर. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची सुरळी, मध्ये कागद, आणि त्यात भिजलेला एक विद्युतवाहक द्रव. विजेतले चढउतार गिळून प्रोसेसरला स्थिर वीज देणे हे त्यांचे काम. या द्रवात पाण्याचे प्रमाण जास्त ठेवले तर कपॅसिटर स्वस्तात चांगला होतो. पण मग पाण्याने अ‍ॅल्युमिनियम खाऊ नये म्हणून काही अचूक रसायने मिसळावी लागतात. १९९९ ते २००७ या काळात तैवानमध्ये बनलेल्या असंख्य कपॅसिटरांत ही रसायने नव्हती किंवा अपुरी होती. आत हायड्रोजन साठत गेला, डोकी फुगली, फुटली, तपकिरी द्रव बाहेर आला. जगभर लक्षावधी बोर्ड निकामी झाले. त्या सुमारास एक हकिगत प्रसिद्ध झाली: एका शास्त्रज्ञाने जपानी कंपनीतून द्रवाचे सूत्र चोरले, पुढे ते आणखी एका हाताने चोरले गेले आणि या दुसऱ्या चोरीत सूत्राचा अर्धा भाग मागे राहिला. ही कथा पूर्णांशाने सिद्ध झालेली नाही. तरी ती इतकी टिकली यात नवल नाही. अपुरी उतरवलेली प्रत, तीवरून निघालेल्या हजारो प्रती आणि सर्वांत तोच दोष, हे पाठपरंपरेतले जुनेच प्रकरण आहे. एकाच जागी गळालेला मजकूर दोन पोथ्यांत दिसला की त्यांचे मूळ एक, हा नियम इथेही लागू पडतो. फुगलेल्या कपॅसिटरांवरची नावे पाहून दुरुस्ती करणारे त्यांचे कुळ ओळखतात.

त्यात विदर्भाचे हवामान. अशा कपॅसिटरचे आयुष्य उष्णतेवर ठरते. तापमान दहा अंशांनी वाढले की ते साधारण निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ढोबळ हिशेब आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या खोलीत, पत्र्याखाली, धानाच्या मळणीतला बारीक भुसा पंख्यात अडकलेला, आणि त्यावर त्या वर्षांतले प्रदीर्घ भारनियमन. वीज जाताना आणि येताना बसणारे धक्के वेगळेच. पुण्या-मुंबईत दहा वर्षे चालले असते ते यंत्र इकडे चार वर्षांत थकले.

याच्याही आधीच्या पिढीचा, म्हणजे २८६, ३८६, ४८६ या बोर्डांचा वैरी वेगळा आहे. तो आहे बोर्डाच्या कोपऱ्यात बसवलेली बोटाच्या पेराएवढी निळी वा हिरवी बॅटरी. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे आणि डिस्कची माहिती लक्षात ठेवणे हे तिचे काम. ती निकेल-कॅडमियमची असते. वर्षानुवर्षे पडून राहिली की तिच्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरते आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खात जाते. वरचे हिरवे आवरण शाबूत दिसते, खाली तांबे काळे पडलेले असते. बॅटरी बहुधा कळफलकाच्या जोडणीजवळ असल्याने पहिला बळी त्या भागाचा. म्हणजे जे यंत्र वापरून झिजले असते ते कदाचित वाचले असते, पण जे जपून कपाटात ठेवले गेले त्याचा घात जपण्याने झाला.

आता दुरुस्ती. या विद्येचा पहिला नियम असा की वीज जोडण्याची घाई करायची नाही. आधी भिंगातून पाहायचे. गळालेली बॅटरी कापून काढायची, तो डाग व्हिनेगरने धुवायचा, कारण पाझरलेला द्रव अल्कली असतो आणि आम्लानेच शमतो. मग शुद्ध पाणी, मग अल्कोहोल, मग वाळवण. त्यानंतर मल्टिमीटर घेऊन एकेक रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासायची. वाहते तिथे मीटर वाजतो, तुटली असेल तिथे गप्प राहतो. तुटलेल्या रेषेच्या जागी केसाएवढी तांब्याची तार डाक देऊन बसवायची. 'डाक देणे' हा शब्द आता फारसा कानी पडत नाही, सगळे सोल्डरच म्हणतात. पण कृती आपल्या कासार-तांबटांना परकी नाही. कल्हई म्हणजे तापलेल्या भांड्यावर कथलाचा हात, आणि तो धातूला धरावा म्हणून नवसागर. सोल्डर म्हणजे कथील आणि शिसे, आणि ते धरावे म्हणून राळ. तांब्यावर चढलेला गंज आधी निघाला पाहिजे, नाही तर कथील धरत नाही. हे जे कल्हईवाल्याला ठाऊक होते तेच इथेही खरे आहे.

वीज देण्यापूर्वी आणखी एक परीक्षा असते. पाच व्होल्टची वाट आणि जमीन यांच्यात मीटर लावायचा. रोध जवळजवळ शून्य निघाला तर कुठेतरी वाट थेट जमिनीला भिडलेली आहे, आणि संशयित बहुधा टँटॅलमचा एखादा पिवळा थेंबासारखा कपॅसिटर असतो. तो न ओळखता वीज दिली तर तो फटाक्यासारखा फुटतो. जुन्या एटी जातीच्या बोर्डांना विजेच्या दोन जोडण्या शेजारी शेजारी बसवाव्या लागतात आणि त्या उलटसुलटही बसू शकतात. दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत, एवढे एक सूत्र पाठ असले की बोर्ड वाचतो. ते नसल्यामुळे किती बोर्ड जळाले याची गणती नाही.

एवढ्यावरही पडदा काळाच राहिला, तर बोर्डाची भाषा ऐकायची. बायोस यंत्र उठवताना प्रत्येक टप्प्यावर स्वतःची नोंद ठेवतो. पडदा चालू होईपर्यंत त्याच्याजवळ दोनच वाणी असतात. एक म्हणजे शिट्टी. अमेरिकन मेगाट्रेंड्सच्या बायोसने तीन शिट्ट्या दिल्या तर स्मृतीचा पहिला तुकडा नादुरुस्त, आठ दिल्या तर चित्र काढणाऱ्या कार्डाची स्मृती. दुसरी वाणी अधिक सूक्ष्म आहे. बायोस प्रत्येक टप्प्याचा दोन अक्षरांचा संकेत एका ठरावीक दारावर लिहीत जातो, आणि तो वाचून दाखवणारे एक छोटे कार्ड मिळते. ते खाचेत बसवले की त्यावर लाल अंक झरझर बदलत जातात आणि जिथे यंत्र अडखळते तिथे थांबतात. शेवटचा अंक कोष्टकात पाहायचा. अंक मुळी हललेच नाहीत तर प्रोसेसरने पहिली आज्ञाही वाचलेली नाही असे समजायचे. मग घड्याळाचे ठोके येतात का, रीसेटची तार सुटते का आणि बायोसची चिप शाबूत आहे का हे पाहायचे. या जुन्या चिपांच्या पाठीवर काचेची एक खिडकी असते व तिच्यावर कागदी चिठ्ठी डकवलेली असते. अतिनील किरण त्या खिडकीतून आत गेले की आतला मजकूर पुसला जातो. चिठ्ठी निघालेली चिप वर्षानुवर्षे उन्हात पडली असेल तर ती कोरी झालेली असण्याचा संभव असतो. अशा वेळी तशाच दुसऱ्या बोर्डावरच्या चिपेतून मजकूर उतरवून घ्यावा लागतो. जगभरचे छांदिष्ट अशा हजारो बायोसांच्या प्रती जमवून ठेवतात त्याचे कारण हे. एका बोर्डाची स्मृती दुसऱ्या बोर्डाने सांभाळायची.

बोर्ड जागा झाला म्हणजे बरा झाला असे नाही. स्मृती तपासणाऱ्या आज्ञावल्या आहेत. १९९४ साली आलेली 'मेमटेस्ट ८६' त्यांपैकी प्रसिद्ध. ती रात्रभर चालवतात. पण छांदिष्टांचा खरा विश्वास आहे तो खेळावर. याला भावुकतेपलीकडचे कारण आहे.

जुन्या खेळांची गती यंत्राच्या गतीला बांधलेली होती. १९८१ च्या पीसीसाठी लिहिणारे काही लेखक काळ मोजण्यासाठी घड्याळाकडे न पाहता प्रोसेसरला ठरावीक वेळा रिकामे मोजायला लावीत. ४.७७ मेगाहर्ट्झच्या यंत्रावर ते मोजणे योग्य वेळ घेई. वेगवान यंत्रावर तेच क्षणात संपे आणि खेळातले पात्र डोळ्यांना दिसेनासे धावे. म्हणून पुढच्या संगणकांच्या पेटीवर 'टर्बो' नावाचे बटण आले. नाव वेगाचे, पण ठेवले होते ते यंत्राला मंद करता यावे यासाठी. खेळाची लय संहितेत नव्हती, संहिता आणि यंत्र यांच्या संयोगात होती. कीर्तनाची छापील प्रत आणि कीर्तन यांतला फरक ज्यांना कळतो त्यांना यावर अधिक सांगायला नको.

१० डिसेंबर १९९३ रोजी आलेला 'डूम' याच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि म्हणूनच परीक्षेसाठी उपयोगी. त्यात आधी खेळलेले काही डाव साठवलेले असतात. चित्रे मात्र साठवलेली नसतात. सेकंदाला पस्तीस वेळा खेळणाऱ्याने काय केले, पुढे की मागे, डावीकडे की उजवीकडे, गोळी झाडली की नाही, एवढ्याच नोंदी. बाकी सारे, म्हणजे राक्षसांच्या हालचाली, दारे, मृत्यू, यंत्र दर वेळी नव्याने घडवते. दैवाचे फासेसुद्धा २५६ अंकांच्या एका ठरलेल्या यादीतून पडतात. त्यामुळे निरोगी यंत्रावर तोच डाव हुबेहूब तसाच उलगडतो. यंत्राचे गणित कुठे चुकले तर नोंदी त्याच राहतात पण जग बदलते. नायक जिथे दार होते तिथे भिंतीवर आपटतो आणि रिकाम्या हवेत गोळ्या झाडत राहतो. या खेळाच्या १.९ आवृत्तीतला तिसरा डाव २१३४ क्षणांचा आहे. तो पुरेपूर वेगाने चालवला की शेवटी यंत्र सांगते की या २१३४ क्षणांना प्रत्यक्षात किती क्षण लागले. ४२६८ लागले तर सेकंदाला साडेसतरा चित्रे. एकाच जातीच्या दोन बोर्डांचे आकडे जगाच्या दोन टोकांवरून ताडून पाहता येतात. आकडा कमी आला तर वरची तात्पुरती स्मृती बंद आहे किंवा एखादा जंपर चुकीच्या जागी आहे हे कळते.

यावर एक आक्षेप सहज घेता येतो. एवढा खटाटोप कशाला? आजचा साधा लॅपटॉप जुन्या यंत्राचे सोंग घेऊ शकतो. 'डॉसबॉक्स' हा असा प्रोग्रॅम २००२ पासून उपलब्ध आहे. जानेवारी २०१५ मध्ये इंटरनेट आर्काइव्हने डॉसवरचे सुमारे २४०० खेळ असे खुले केले की ब्राउझरमध्येच खेळता यावेत. आक्षेप रास्त आहे आणि बहुसंख्य वाचकांसाठी, म्हणजे खेळणाऱ्यांसाठी, ती सोयच पुरेशी आहे. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये '८०८८ एमपीएच' नावाची एक दृश्यरचना प्रसिद्ध झाली. तिच्या कर्त्यांनी १९८१ च्या मूळ पीसीकडून, चार-चार रंगांच्या मर्यादेत अडकलेल्या त्याच्या चित्रकार्डातून, १०२४ रंग काढून दाखवले. तेव्हा अस्तित्वात असलेल्या एकाही सोंगाड्या प्रोग्रॅमला ती नीट चालवता आली नाही. चालली ती खऱ्या, दुरुस्त केलेल्या यंत्रावर. तिच्यामुळेच पुढे अधिक काटेकोर प्रोग्रॅम लिहिले गेले.

सोंग तपासायचे तर मूळ जिवंत असावे लागते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १२५९ हस्तलिखितांच्या आधारावर उभी आहे. आवृत्ती छापली म्हणून पोथ्या कोणी मोडीत काढल्या नाहीत. खेळांच्या बाबतीतही लेखकाची मूळ प्रत सापडण्याचे प्रसंग घडले आहेत. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा कर्ता जॉर्डन मेकनर याच्या मूळ संहितेच्या डिस्का हरवल्या होत्या. २०१२ साली त्याच्या वडिलांना त्या एका खोक्यात सापडल्या आणि जुनी अ‍ॅपल यंत्रे सांभाळून ठेवणाऱ्यांच्या मदतीने त्या वाचता आल्या. डिस्क सापडणे हा योगायोग होता. ती वाचणारे यंत्र आणि माणसे तयार असणे हा योगायोग नव्हता.

आता मराठीकडे येऊ. १९८३ साली दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात कानपूरच्या आयआयटीने देवनागरीतून चालणारा संगणक दाखवला. तिथल्या कामातून मोहन तांबे यांनी जिस्ट हे तंत्र विकसित केले आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर ते तिथे आले. जिस्ट हे आधी सॉफ्टवेअर नव्हते, कार्ड होते. पीसीच्या मदरबोर्डावरच्या खाचेत ते बसवायचे. मग इंग्रजीखेरीज काही न कळणारे डॉसवरचे वर्डस्टार वा डीबेस मराठी लिहू लागे, कारण जोडाक्षरे घडवून पडद्यावर आणण्याचे काम हे कार्ड करी. त्यासाठी आखलेली 'इस्की' ही संकेतप्रणाली १९८८ साली आली, १९९१ साली भारतीय मानक झाली आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी तिच्याच १९८८ च्या रूपावर बेतलेली आहे. आज आपण मोबाइलवर 'क' लिहितो त्याच्या मागे या कार्डाची परंपरा आहे.

ज्या खाचेत जिस्ट बसे तिचे नाव आयएसए. हिच्यातच 'डूम'ला आवाज देणारे साउंड ब्लास्टर कार्ड बसे. २००० सालानंतर काही काळात ही खाच नव्या बोर्डांवरून गेली. आज ती असलेले चालू बोर्ड आहेत ते बहुतांशी खेळणाऱ्यांनी वाचवलेले. साउंड ब्लास्टरचे प्रत्येक रूप, प्रत्येक दोष, प्रत्येक खरखर त्यांनी नोंदवून ठेवली आहे. जिस्ट कार्डावर कोणताही खेळ चालत नव्हता, म्हणून त्याला असा वाली नाही.

इस्कीतला मजकूर कोष्टकावरून युनिकोडमध्ये आणता येतो, तेव्हा त्याची मोठी चिंता नाही. चिंता आहे ती १९९० च्या दशकात मुद्रणासाठी वापरल्या गेलेल्या पॅकेजांची. त्यांत प्रत्येकाच्या फाँटची अक्षरांची मांडणी निराळी. अनेकांना प्रिंटरच्या पोर्टवर बसणारे एक कुलूप लागे. ते नसेल तर पॅकेज उघडत नाही, आणि त्या जातीचा पोर्ट आजच्या लॅपटॉपवर नाही. मराठीतल्या कितीतरी नियतकालिकांचे, दिवाळी अंकांचे, प्रबंधांचे त्या काळातले मजकूर अशा फायलींत आहेत. छापील अंक मिळतो, हे खरे. पण लेखकाने स्वतः टंकलेला पहिला खर्डा, संपादकाने गाळलेला परिच्छेद, मुद्रितशोधनापूर्वीचे शुद्धलेखन हे छापील अंकात नसते. हस्तलिखिताची परंपरा संपली आणि कागदावर न उतरलेली खर्ड्यांची परंपरा सुरू झाली, ती नेमकी याच यंत्रांवर. साठोत्तरीच्या लेखकांचे खर्डे आपण वह्यांत शोधतो. नव्वदोत्तरीचे शोधायचे तर फ्लॉपीचा कंट्रोलर असलेला, प्रिंटरचा जुना पोर्ट असलेला आणि चालू स्थितीतला बोर्ड हाताशी लागेल. तो बोर्ड कसा उठवायचा हे आज सांगू शकतो तो 'डूम' खेळणारा, मराठीचा प्राध्यापक नव्हे.

विभागात, ग्रंथालयात किंवा एखाद्या लेखकाच्या घरी असे यंत्र अजून असेल तर ते चालू करून पाहू नये. पेटी उघडावी, कोपऱ्यातली नळीसारखी बॅटरी आहे का पाहावे आणि असल्यास ती आजच कापून काढावी. तिच्यावाचूनही बोर्ड चालतो, फक्त दर वेळी तारीख आणि डिस्कची माहिती नव्याने भरावी लागते. प्रिंटरच्या पोर्टवर अंगठ्याएवढी डबी लागलेली दिसली तर ती कचरा समजून टाकू नये. फ्लॉप्या यंत्राबरोबरच ठेवाव्यात, उन्हापासून आणि जुन्या स्पीकरच्या चुंबकापासून दूर. कपॅसिटर फुगलेले असले तरी घाबरण्याचे कारण नाही, ते बदलता येतात. खाली गळालेल्या बॅटरीने तांबे खाल्ले असेल तर मात्र एकेक रेष शोधत बसावे लागते.